बिनमिशीचे अण्णा

(तिघं एकाच फोनवर आहेत. ताई दूरच्या शहरात, ती काम करते त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तिचा धाकटा भाऊ, छोट्या, गावाकडच्या घराच्या दारात. तिसरा माणूस हरवलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेच्या मदतकक्षात. दुपारचे बारा वाजून गेलेत.)

ताई: पुन्हा तेच. लाल पट्टी. 'फाइल बदलता आली नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.' थोड्या वेळाने म्हणजे कधी, ते काही लिहिलेलं नाही.

मदतकक्ष: एक मिनिट हं मॅडम, तुमची नोंद उघडतोय. पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर, विस्मरणाचा आजार, सकाळी पावणेनऊला घरातून बाहेर पडले. हीच ना?

ताई: हीच. माझे वडील. दहा वाजता मीच भरली. फोटो चुकीचा लागलाय, तो बदलायचाय. चाळीस मिनिटं झाली, दुसरं काही करत नाहीये मी.

मदतकक्ष: चुकीचा म्हणजे दुसऱ्याच कोणाचा?

ताई: त्यांचाच आहे. पण मिशीचा आहे.

मदतकक्ष: मला कळलं नाही.

छोट्या: मी सांगतो. मी धाकटा, अण्णांजवळ मीच राहतो. अण्णांना मिशी होती, म्हणजे मोठी, झुपकेदार, आम्ही जन्मल्यापासून होती. परवा मी ती काढली. जेवण सगळं त्यात अडकायचं हो, आणि पुसायला गेलं की हात झटकायचे. मग म्हटलं, काढून टाकू एकदाची. मिशी काढल्यावर ते... म्हणजे मलाच ओळखू येईनात, तर बाकीच्यांना काय येणार.

ताई: आणि हे मला कधी सांगितलं? आज साडेअकराला. फोटो लागून दीड तास झाल्यावर.

छोट्या: तू लावताना विचारलंस का मला?

ताई: तू फोनवर रडत होतास. विचारायला वेळ होता? हाताला लागला तो लावला.

छोट्या: तुझ्या घराच्या पायऱ्यांवरचा लावलास. सात वर्षांपूर्वीचा. त्यात ते तुझ्या शेजाऱ्याला जिना कसा रंगवायचा ते शिकवतायत.

ताई: माझ्याकडे तोच आहे.

मदतकक्ष: बरं, बरं. ऐका. आधी फोटोचं बघू. नवीन फोटो आहे ना तुमच्याकडे?

ताई: ह्याने पाठवलाय. एकच आहे.

मदतकक्ष: फाइलचं नाव काय दिलंय?

ताई: अण्णा.

मदतकक्ष: आणि जुन्याचं?

ताई: तेही अण्णा. दुसरं काय देणार?

मदतकक्ष: मग आधी नाव बदलून बघा. अण्णा-दोन करा. आणि फोटो फोनवरून थेट आलाय का? नव्या फोनचे फोटो वेगळ्या प्रकारचे असतात, आमची सिस्टीम कधीकधी घेत नाही. साध्या प्रकारात साठवा आणि मग चढवा.

ताई: मी रक्त तपासते हो, कॉम्प्युटर नाही. साध्या प्रकारात म्हणजे काय करू?

मदतकक्ष: फोटो स्क्रीनवर उघडा, आणि उघडलेल्याचाच स्क्रीनशॉट घ्या. तो साध्या प्रकारातच येतो.

ताई: थांबा. घेतला. नाव अण्णा-दोन. बदला... फिरतंय. फिरतंय अजून. झालं. हिरवी पट्टी आली. 'फाइल यशस्वीरीत्या बदलली.'

छोट्या: सुटलो बाबा.

ताई: नाही रे. मिशी तशीच आहे.

मदतकक्ष: पान पुन्हा उघडा.

ताई: उघडलं. मिशी.

मदतकक्ष: तुमच्या कॉम्प्युटरने जुनाच फोटो साठवून ठेवला असेल, तोच परत दाखवतोय. होतं असं. मी माझ्याकडे बघतो... हं. माझ्याकडेही मिशीच दिसतेय.

ताई: म्हणजे?

मदतकक्ष: म्हणजे घोडं दुसरीकडेच अडलंय. नोंदीवर 'बदलला' असं आलंय, पण आत साठवणीत जुनाच फोटो आहे. कसं असतं बघा, फोटो आमच्या ऑफिसात नसतात. ते क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असतात. नोंद एकीकडे आणि फोटो दुसरीकडे. नोंदीला वाटतंय फोटो बदलला. फोटोला पत्ताच नाही.

ताई: ते तुमचं आत काय ते असो. बाहेर किती जण बघतायत हा मिशीचा फोटो?

मदतकक्ष: तुमच्या शहरातले आमचे स्वयंसेवक सहाशेच्या वर आहेत. त्यातले आज बाहेर असलेले धरा दोनशे.

ताई: दोनशे माणसं मिशी शोधत फिरतायत.

छोट्या: पोलिसांकडेही मिशीचाच दिलाय मी, ताई. मला तरी कुठे सुचत होतं. नवा घेऊन मगाशी गेलो, तर साहेब जेवायला गेलेत म्हणाले. फोटो टेबलावर ठेवून आलो.

मदतकक्ष: एक मिनिट. तुमच्या नोंदीखाली एक निरोप आलाय. सव्वाअकराचा.

ताई: कोणाचा? काय आहे? वाचा.

मदतकक्ष: एका स्वयंसेवकाचा आहे. वाचतो... 'जुनं बसस्थानक. बाकावर एक वृद्ध गृहस्थ. करडा स्वेटर, वय जुळतं. चौकशी केली. म्हणाले, मी ठीक आहे, मुलगा न्यायला येतोय. चेहरा फोटोशी जुळत नाही. पुढे गेलो.'

ताई: छोट्या.

छोट्या: करडाच आहे. स्वेटर करडाच आहे. साडेनऊला मी तिथे गेलो होतो ताई, सगळे फलाट बघितले, प्रत्येक बाक बघितला. नंतर आले असतील. मी निघतो.

ताई: घरी कोण बसेल? ते परत आले तर?

छोट्या: समोरच्या काकूंना बसवतो. काकू, अहो काकू, जरा घरात येऊन बसता का? अण्णा आले तर बाहेर सोडू नका. हो, फोन चालूच आहे. सायकल काढतोय. वीस मिनिटं लागतील. बोलत राहा तुम्ही, मी ऐकतोय.

ताई: तास झाला त्या निरोपाला. तुमचा माणूस अण्णांशी बोलला. समोर उभा राहून बोलला आणि निघून गेला.

मदतकक्ष: त्याची चूक नाही मॅडम. त्याच्या हातात जो फोटो होता...

ताई: चूक माझी आहे, ठाऊक आहे मला. आमच्याकडे नळीवर चुकीचं लेबल लागलं तर आम्ही रक्त फेकून देतो आणि माणसाला परत बोलावतो. इथे कोणाला परत बोलावू? तुम्ही तो फोटो आतून बदला. तुमच्या हातात असेल ना काहीतरी? पाया पडते तुमच्या, पण लवकर करा.

मदतकक्ष: आतून करता येतं. मी सहसा करत नाही.

ताई: आज करा.

मदतकक्ष: पाठवा मला तो फोटो. आला. हे अण्णा?

ताई: हो.

मदतकक्ष: हे त्या पहिल्या फोटोतले...

ताई: मलाही तसंच झालं. मी ह्याला म्हटलं, तू दुसऱ्या कोणाचा तरी पाठवलास.

छोट्या: मिशी काढून झाली, आरसा दाखवला, आणि ते मला विचारतात, हे कोण आलेत? मी गंमत म्हणून फोटो काढला तेव्हा. मग बघितला आणि कोणाला पाठवलाच नाही. लाज वाटली. दोन दिवस ते आरशात बघून, आपण बाहेर जाऊ या, पाहुणे आलेत, असं म्हणत होते. मी हसत होतो, ताई. मला विनोद वाटत होता.

ताई: समोर बघून चालव.

मदतकक्ष: आत गेलोय मी. जुनी फाइल सापडली. बदला म्हणतो... करतोय हं... अरेच्चा.

ताई: काय झालं?

मदतकक्ष: एक मिनिट.

ताई: इथे फोटो गेला. अहो, इथे काहीच दिसत नाहीये. नुसती राखाडी आकृती आलीय, डोकं आणि खांदे.

मदतकक्ष: हो. मलाही तीच दिसतेय.

ताई: काय केलंत तुम्ही?

मदतकक्ष: सांगतो. बदला म्हटलं की सिस्टीम दोन कामं करते. आधी जुनी फाइल काढते, मग नवी ठेवते. जुनी काढली. नवी ठेवायला गेली तर म्हणते, परवानगी नाही.

ताई: काढायची परवानगी आहे आणि ठेवायची नाही?

मदतकक्ष: आज सकाळी दहापर्यंत होती. गेल्या महिन्यात कोणीतरी आमच्याकडचे फोटो उचलून भलतीकडे वापरले, म्हणून आज अकराला सगळ्यांचे अधिकार बदलले. ठेवायचे काढून घेतले, काढायचे काढून घ्यायला विसरले. म्हणूनच तुम्हाला लाल पट्टी येत होती. आता कळलं.

ताई: आता कळलं.

मदतकक्ष: आधी नवी ठेवायची, ती दिसते का बघायची, मगच जुनीला हात लावायचा. हा नियम आहे आमच्याकडे. मीच लिहिलाय. माझ्यासमोर भिंतीवर चिकटवलाय, आत्ता दिसतोय मला. सहा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

ताई: मग आज का मोडलात?

मदतकक्ष: तुम्ही लवकर म्हणालात. आणि तो निरोप वाचल्यावर माझंही डोकं फिरलं. माफ करा. खरंच माफ करा.

ताई: जुना परत लावा. मिशीचा का होईना, उंची, डोळे, काहीतरी दिसेल माणसांना.

मदतकक्ष: तोही चढणार नाही. आता ह्या नोंदीवर कुठलाच फोटो चढणार नाही.

ताई: तुमच्या वर कोणी असेल ना? त्याला सांगा.

मदतकक्ष: आमच्या बाई आहेत. अधिकार त्यांच्या एकटीकडे. दुसऱ्या फोनवरून तिसऱ्यांदा लावतोय. बंद आहे. विमानात आहेत त्या, साडेतीनला उतरतील.

ताई: साडेतीनला. आता पाऊण वाजतोय.

मदतकक्ष: हो.

ताई: मग त्या दोनशे माणसांना फोन करा. मेसेजवर पाठवा फोटो. नियम गेले खड्ड्यात.

मदतकक्ष: नियमाचं नाही हो ताई. त्यांचे नंबर मला दिसतच नाहीत. मुद्दाम तसं ठेवलंय, त्यांना कोणी त्रास देऊ नये म्हणून. मी त्यांच्याशी बोलतो ते फक्त ह्या नोंदीतून. आणि नोंदीत फोटो नाही.

ताई: म्हणजे तुम्ही पण हात टेकले.

मदतकक्ष: टेकले. काय सांगू तुम्हाला दुसरं.

ताई: मी तिथून आठ तासांच्या अंतरावर बसलेय. रजा मागितली तर साहेब म्हणाले, दुपारचे नमुने कोण बघणार. मी म्हटलं, तुम्ही बघा. आता गाडी आहे ती थेट पाच वाजता. तोपर्यंत मी फक्त ही राखाडी आकृती बघत बसू? छोट्या, पोचलास का?

छोट्या: पोचलो. आत शिरतोय. पहिल्या फलाटावर नाहीत. दुसरा... बाक सगळे भरलेत ताई, सगळे म्हातारे दिसतायत मला आज. करडा स्वेटर नाही. कोणीच नाही.

ताई: नीट बघ. शौचालयाकडे बघ.

छोट्या: बघितलं. थांब, तिकिटाच्या खिडकीत विचारतो. अहो बाई, इथे एक म्हातारे गृहस्थ, करड्या स्वेटरमधले... हो, हो, तेच. कधी? कुठल्या बाजूला? बरं. बरं, बाई.

ताई: काय म्हणाली?

छोट्या: होते म्हणे. बराच वेळ होते. सगळ्या पाट्या वाचत होते, एकेक करून, मोठ्याने. मग खिडकीशी आले आणि तिला सांगितलं, पाच नंबरच्या पाटीची खालची रेघ वाकडी आलीय, रंगाऱ्याला बोलवा. आणि गेले.

ताई: अण्णाच.

छोट्या: ती पाटी अण्णांनी स्वतः रंगवलेली आहे, ताई. मी धरून उभा होतो शिडी. रेघ खरंच वाकडी आहे.

ताई: गेले कुठे?

छोट्या: तिने बघितलं नाही. मागे रांग होती. बाहेर पाच रस्ते फुटतात इथून. मी कुठल्या रस्त्याला जाऊ? तू सांग ना. तू मोठी आहेस.

ताई: मला काय ठाऊक रे. मला काय ठाऊक.

मदतकक्ष: ताई, ऐका जरा. वर्णन.

ताई: काय वर्णन?

मदतकक्ष: फोटोखाली वर्णनाची जागा असते. दीडदोनशे अक्षरांची. ती नोंदीत असते, फोटोच्या सर्व्हरवर नाही. तिला मी अजून हात लावू शकतो. वर्णन बदललं की सगळ्यांच्या फोनवर लगेच वाजतं. हे मला पहिल्यांदा सुचायला हवं होतं. फोटो, फोटो करत बसलो आपण तिघंही.

ताई: त्यात मी काय लिहिलंय?

मदतकक्ष: 'उंच, रुबाबदार, झुपकेदार मिशी, आवाज भारदस्त.'

ताई: पुसा ते. मिशी पुसा. लिहा, उंच, ताठ चालतात...

छोट्या: ताई, ते आता ताठ नाही चालत. वाकलेत. माझ्या खांद्याला लागतात.

ताई: आवाज भारदस्त तरी...

छोट्या: पुटपुटतात. पाट्या वाचतानाच तेवढा आवाज निघतो.

ताई: चष्मा काळ्या काडीचा.

छोट्या: चष्मा दोन वर्षांपूर्वीच सोडला. घातला की काढून उशीखाली ठेवतात.

ताई: मग तूच सांग. मी तीन वर्षांत घरी आले नाही. दर रविवारी फोन करते आणि तू म्हणतोस, बरे आहेत. मला माहीत नाही माझा बाप कसा दिसतो. सांग तूच.

छोट्या: रडू नकोस ना.

ताई: मी रडत नाहीये. सांग तू. ते लिहितील.

छोट्या: मिशी नाही. वरच्या ओठाची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा उजळ आहे, तिथे ऊन कधी लागलंच नव्हतं. स्वेटरची बटणं एक घर चुकलीत. सकाळी मी नीट लावायला गेलो तर म्हणाले, मला येतात लावता. म्हणून राहू दिलं. मग मी दूध गरम करायला आत वळलो. तेवढंच. दूध उतू जायच्या आत बाहेर आलो मी, ताई. तेवढ्यात गेले.

ताई: तुझी चूक नाहीये.

छोट्या: आहे.

ताई: असू दे. माझीही आहे. नंतर भांडू त्याच्यावर. पायात काय आहे?

छोट्या: घरातल्याच चपला. माझ्या. मोठ्या होतात त्यांना, फरपटत चालतात.

मदतकक्ष: लिहितोय मी. पाट्यांचं घालू का?

ताई: घाला. ते आधी घाला.

मदतकक्ष: आणि त्या स्वयंसेवकाला जे सांगितलं, ते? पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा तेच सांगतील.

छोट्या: तेच सांगतील. लोकांना वाटतं, एवढं नीट बोलतोय माणूस, हरवलेला कसा असेल.

मदतकक्ष: वाचून दाखवतो. 'पाट्या मोठ्याने वाचत उभे असतील. मिशी नाही, वरचा ओठ उजळ. वाकलेले. करडा स्वेटर, बटणं चुकलेली. चपला मोठ्या, पाय फरपटतात. विचारल्यास म्हणतील, मी ठीक आहे, मुलगा न्यायला येतोय.' अजून थोडी जागा आहे.

ताई: पुढे लिहा, सोडून जाऊ नका. त्यांच्याशेजारी बसा.

मदतकक्ष: लिहिलं. अजून एखादं लहान वाक्य बसेल. मग पाठवतो.

ताई: छोट्या, तुला काही घालायचंय?

छोट्या: हो. लिहा, मुलगा खरंच येतोय.